भारीतली नळी

डुक्कर माझ्या अंगावर येत होतं आणि दामूभाऊजी शेतातल्या माळ्यावरून ओरडत होते, "वयनी, त्याला इकरं आना! नलीसमोर आना!"

माझा एक पाय चिखलात रुतला होता. हातात विळा होता. डोक्यावरचा गवताचा भारा कधी पडला ते कळलंच नव्हतं. डुक्कर म्हणजे उकिरड्यावरचं नव्हे. डोंगरातलं, काळं, मानेवरचे केस ताठ उभे राहिलेलं. त्याच्या सुळ्याला भाताचं पान अडकलं होतं. ते पानसुद्धा मला दिसत होतं, इतकं ते जवळ आलं होतं.

"तुम्हीच खाली या आणि सांगा त्याला!" मी ओरडले.

"नली वलत नाय, वयनी! बांधलीय!"

आता ज्या माणसाकडे परवान्याची रायफल आहे, ती भरलेली आहे, आणि डुक्कर समोर आहे, तो माणूस शेजारणीला 'डुकराला इकडे घेऊन या' असं का सांगतो, हे कळायचं तर दामूभाऊजी कोण ते आधी सांगायला हवं.

शिळफाट्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची एक भिंत सामाईक, आणि शेताचा एक बांध सामाईक. ते आमच्या यांचे बालमित्र, म्हणून मी त्यांची वहिनी. सातवीत शाळा सोडलेले, उंच, हडकुळे, कमरेला लुंगी पण वर सदरा कडक इस्त्रीचा. शेतात चिखल तुडवायलासुद्धा इस्त्रीचाच सदरा. बायको ठकू म्हणायची, "डुकरांशी काय सोयरीक करायचीय?"

या माणसाला एकच खोड होती. सगळं भारीतलं पाहिजे. हलकं काही चालायचं नाही. आमच्याकडे भारी म्हणजे जड आणि भारी म्हणजे चांगलं, उंची. हलकं म्हणजे वजनाला कमी आणि हलकं म्हणजे कमअस्सल. दोन्ही शब्दांचे दोन दोन अर्थ. पण भाऊजींच्या डोक्यात प्रत्येकाचा एकच अर्थ शिरलेला. कोणी म्हटलं की ही पिशवी हलकी आहे, तर ते ती पिशवी परत करून यायचे.

वस्तू पारखायची त्यांची पद्धत ठरलेली. बोटाच्या पेरानं टकटक वाजवायची, कान लावायचा, आणि म्हणायचं, "आवाज सांगतंय." नारळ वाजवायचे, माठ वाजवायचे ते ठीक. पण ते दुकानाचं दारसुद्धा वाजवून आत शिरायचे. मोठ्या मुलीसाठी कल्याणला मुलगा बघायला गेले, तेव्हा मुलाच्या पाठीत अशी थाप घातली की त्याच्या हातातला चहा त्याच्या आईच्या मांडीवर सांडला. बाहेर आल्यावर म्हणाले, "भारी हाय पोरगा. आवाज चांगला आला." लग्न झालं तिथंच. जावई आजही सासऱ्याचं नाव निघालं की पाठ भिंतीला लावून बसतो.

त्याच मुलीच्या हळदीला कल्याणहून बँड आणला. गावात तोपर्यंत दोन ताशे आणि एक सनई एवढ्यावर हळदी होत. भाऊजींचा बँड भारीतला, लाल डगले, सोनेरी पट्टे. पण आमच्या गावात तेव्हा पक्का रस्ता नव्हता, बांधावरून चालत यावं लागे. बँडवाले म्हणाले, पांढरे बूट घालून आम्ही चिखलात उतरणार नाही. शेवटी हळद घरात झाली आणि बँड मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या मध्ये उभा राहून वाजला. भाऊजी दर थोड्या वेळानं अंगणात यायचे, कान देऊन ऐकायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "येतंय ना ऐकू? लांबूनच भारी वाटतो."

पंख्याचीही गोष्ट तशीच. वीज आली तशी सगळ्यांनी साधे पंखे घेतले. भाऊजींनी ठाण्याहून असा पंखा आणला की घराचं आढं त्याच्या वजनानं कुरकुरायला लागलं. तीन नंबरला लावला की छपरावरची कौलं सरकायची. तेव्हापासून भाऊजी असेपर्यंत तो एक नंबरलाच फिरला. "भारी पंख्याला पहिला नंबर बास होतो," असं ते सांगायचे, आणि घामानं भिजलेली ठकू पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली असायची.

हे सगळं हसण्यावारी जाण्यासारखं होतं. बंदुकीचं तसं नव्हतं. बंदुकीवर त्यांची जमीन अडकली होती.

त्यांच्या वडिलांची एक ठासणीची बंदूक होती, पीक राखण्यासाठीच्या परवान्याची. डोंगरात रानडुकरं भरपूर. भात पोटरीत आलं, कणीस बाहेर पडायच्या बेतात असलं, की रोज यायची. खायची थोडं आणि लोळून नासवायची जास्त. वडील होते तोवर राखण नीट व्हायची. वडिलांच्या मागे परवाना भाऊजींच्या नावावर झाला, आणि राखण संपली. कारण ती बंदूक काठीसारखी सडपातळ. खांद्याला अडकवून भाऊजी गावभर फिरायचे. पिठाच्या गिरणीत बंदूक, न्हाव्याकडे बंदूक, कोणाच्या साखरपुड्याला बंदूक. डुकरं शेतात असायची आणि बंदूक नाक्यावर चहा पीत असायची.

त्यांचा धाकटा भाऊ केशव डोंबिवलीला राहायचा. कंपनीत नोकरी, स्वतःचा ब्लॉक, बोलणं पुस्तकातल्यासारखं. जमीन दोघांची. ऐंशीच्या पुढं आमच्या बाजूला बिल्डरांची माणसं फिरायला लागली होती, आणि केशवला विकायची घाई झाली होती. एरवी तो भावाला दादा म्हणायचा, भांडताना दामू म्हणायचा. त्या वर्षी शिमग्याला आला तो दामू म्हणतच आला.

"दामू, गेल्या वर्षी भात डुकरांनी खाल्लं. त्याच्या आदल्या वर्षी डुकरांनी खाल्लं. आपण शेती करतोय की डुकरं पाळतोय?"

"यंदा येल भात घरान."

"यंदा आलं तर मी तोंड उघडणार नाही. नाही आलं, तर दिवाळीनंतर मी सही करून मोकळा होणार. माझी अर्धी गेली की तुझी अर्धी तू काय चाटत बसणार?"

ठकू चुलीपाशी होती. तिची तव्यावरची पोळी करपली. त्या जमिनीशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं. भाऊजींना नोकरी मिळण्याचं वय गेलेलं, आणि अंगात कसलाही हुन्नर नाही. गोष्ट एवढीच होती. भात घरात आलं तर जमीन राहील, नाही आलं तर जाईल.

त्यात त्या जुन्या बंदुकीच्या नळीला चीर गेलेली निघाली. तपासणीला नेली तेव्हा साहेबांनी सांगितलं, ही उडवलीत तर डुकराच्या आधी तुम्ही जाल. मग कचेरीत खेपा घालून भाऊजींनी परवान्यावर दुसरं हत्यार चढवून घेतलं आणि ते आणायला ठाण्याला गेले. आमचे हे सोबत होते. पुढचं मी त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, आणि यांना गोष्ट वाढवून सांगायची अक्कल नव्हती, म्हणून ते खरं आहे.

टेंभी नाक्यावरून आत कुठंतरी एका म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान होतं. म्हातारा हिंदी बोलणारा. त्यानं हिरव्या कापडावर दोन जुन्या रायफली ठेवल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या. एकीची नळी बारीक, दुसरीची नळी मनगटासारखी.

म्हातारा म्हणाला, "देखो भाई, यह भारी नली, यह हलकी नली. कौनसी दूँ?"

भाऊजींना ते लागलंच. "आमी काय हलक्यातले दिसतो?"

"अरे वैसा नहीं. काम क्या है?"

"डुकर मारनेका हाय."

"बैठके मारोगे कि घूमके?"

"बैठके कशाला? हम बैठनेवाला आदमी नाय."

"तो फिर हलकी ले जाओ," म्हातारा म्हणाला. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. जाड नळी एका जागी टेकवून मारायची असते. वजनामुळं ती हलत नाही, चार गोळ्या सोडल्या तरी लवकर तापत नाही, गोळी जिथं पाहिजे तिथंच जाते. बारीक नळी तापली की गोळी इकडेतिकडे जाते, पण ती उचलायला सोपी. जनावर एकदम निघालं तर झटकन वळवता येते. "चलते शिकारी को हलकी. बैठे शिकारी को भारी."

यांनी भाऊजींच्या कोपराला धरलं. "दामू, तो वजनाचं बोलतोय."

"तू गप रं. मालक मना हलकी गल्यात मारतंय. भारी त्याला आपल्यासाठी ठेवायची असंल."

मग त्यांनी दोन्ही नळ्या वाजवून बघितल्या. बारकी टिंग वाजली. जाडी ठक्क वाजली. "आवाज सांगतंय," ते म्हणाले. "भारीतली बांधा."

दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत रायफल उजव्या खांद्यावर होती. टेंभी नाक्याला आले तेव्हा डाव्या खांद्यावर होती. एसटी स्टँडवर ती मांडीवर आडवी घेऊन भाऊजी बसले आणि शिळफाट्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हे म्हणाले, "दामू शिळपर्यंत गप बसला, तेव्हाच मला कळलं की त्याला कळलंय."

अंगणात सगळे जमले. ठकू बाहेर आली आणि म्हणाली, "ही बंदूक हाय का पहार?"

"नेम बघ कसा लागतंय," असं म्हणत भाऊजींनी रायफल खांद्याला लावली. रिकामी होती म्हणून बरं. आधी त्यांचा डावा हात थरथरला. मग कोपर थरथरलं. मग हनुवटी. नळीचं तोंड हळूहळू खाली आलं, तुळशीवर आलं, कोंबडीवर आलं आणि शेवटी त्यांच्याच पायाच्या अंगठ्यावर येऊन थांबलं.

कोणी हसेना, कारण सगळ्यांना शिमग्याचं भांडण माहीत होतं. मग ठकूच हसली आणि सगळे सुटले.

भाऊजी रागावले नाहीत. ते रागवायचे नाहीत, त्यांना लगेच उत्तर सुचायचं. रायफल जमिनीला टेकवून ते म्हणाले, "हसा. हलकी म्हंजे काय? जी हलतं ती हलकी. शब्दानच हाय. मना न हलनारी पायजे व्हती, म्हनून आनली." चूक झाली असं त्यांनी त्या दिवशी मान्य केलं नाही आणि नंतरही कधी केलं नाही.

पण न हलणारी वस्तू घेऊन फिरणार कसं? दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा नाक्यापर्यंत गेले आणि अर्ध्या वाटेतून परतले. दुसऱ्यांदा गिरणीपर्यंत पोचले, पण दळण आणायला ठकूला बोलवावं लागलं. मग त्यांनी शेतात राखणीचा माळा घातला. चार खांब, वर बांबूची ताटी, त्यावर पेंढा. डोंगराकडच्या कुंपणातल्या ज्या खिंडारातून डुकरं शेतात उतरत, त्या तोंडाला नळी करून रायफल एका बेचक्यात काथ्यानं आवळून बांधली. आणि रायफल शेतात टाकून घरी येता येत नाही, परवाना जाईल, म्हणून स्वतःही तिथंच बसले.

भात पोटरीत आल्यापासून तो माणूस माळ्यावरून उतरला तो फक्त लोटा घेऊन. तेवढ्यापुरती ठकू वर चढून रायफलीजवळ बसायची. जेवण तिथं, झोप तिथं, दाढी तिथं. ठकू डबा घेऊन जायची आणि इस्त्रीचा सदरा घेऊन जायची.

आता माळ्यावर बसून दामूभाऊजी गप्प राहतील काय? बोलायला कोणी नसलं की ते डुकरांशी बोलायचे. सकाळपासून आवाज सुरू. "या रं, या! लाजता कशाला? केशवनं पाठवला ना तुमाला? किती देतंय तो तुमाला?" मग खोकायचे. मग डबा वाजवायचे, आवाज कसा येतो ते बघायला. मी आमच्या शेतातून ऐकायचे. एक गोळी त्यांनी सोडली नाही, कारण नळीसमोर एकही डुक्कर आलं नाही. माणूस सारखा बोलत असलेल्या शेतात डुक्कर कशाला येईल? ज्या खिंडारातून ती उतरायची ते त्यांनी सोडलंच.

म्हाताऱ्यानं दुकानात सांगितलं होतं की बसून मारणाऱ्याला भारी. आमच्याकडे उलटं झालं. भारी घेतली म्हणून माणूस बसला. हलकी घेतली असती तर याही वर्षी बंदूक नाक्यावर असती आणि डुकरं भातात. हे मी ठकूला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मना आधी म्हाईत असता तर लगीन झाल्या झाल्या त्यांच्या गल्यात जातं बांधलं असतं."

त्यांचं भात उभं राहिलं. पण डुकरं उपाशी राहिली नाहीत. ती वळसा घालून आमच्या शेतात यायला लागली. मी चिडून माळ्याखाली जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, तुमची नळी जरा आमच्याकडे वळवा."

"वलत नाय वयनी. बांधलीय."

"मग सोडा आणि बांधा पुन्हा."

"नेम बसवलाय. सोडला तर नेम जाल."

"कसला नेम? एक तरी मारलंत का?"

"वयनी," ते वरून मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "भारी वस्तूला मारावा लागत नाय. ती नुसती असली तरी बास होतंय."

मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कापणी तोंडावर आली होती. एका सकाळी मी बांधावर गवत कापत होते. ऊन वर आलं होतं. तेवढ्यात मोठ्या रस्त्याकडून केशव आला. सोबत एक माणूस, पांढरी पँट, काळे बूट, हातात मोजायची टेप. बिल्डरचा माणूस. भात घरात येण्याआधीच केशवनं त्याला आणला होता, कारण भात येणार नाही अशी त्याची खात्री होती. शेताच्या तोंडाशी तो थबकला. पिवळं, आडवं न झालेलं भात त्यानं कितीतरी वर्षांनी बघितलं असेल.

"दामू, खाली ये."

"नली सोरून येता येत नाय."

"मग वरूनच ऐक. हे साहेब फक्त मोजून जाणार आहेत."

"मोजू दे. भात कापून झाला की मोजू दे."

"मोजायला काय जातंय तुझं?"

"पाय जातंय. त्याचा. भातान पाय घालू नको म्हनावा."

बिल्डरच्या माणसानं हसून टेपचं टोक केशवच्या हातात दिलं आणि तो भातात शिरला. बूट वाचवत, उड्या मारत. त्याला काय माहीत की आमच्या शेतात रात्रभर चरलेलं एक डुक्कर उजेड झाल्यावर डोंगरात गेलंच नव्हतं. ते बांध ओलांडून भाऊजींच्याच भाताच्या आडोशाला, ओलीत झोपलं होतं. नळी डोंगराकडे, डुक्कर रस्त्याकडे. त्या बाजूनं डुक्कर येतं हे भाऊजींच्या हिशेबात नव्हतं.

त्याचा बूट डुकराच्या पाठीवर पडला असावा. भात फाटल्यासारखा आवाज झाला. बिल्डरचा माणूस टेप सोडून जो पळाला तो मोठ्या रस्त्यावर खडीच्या ट्रकला लोंबकळलेलाच आम्हाला दिसला. केशव मागे सरकला आणि पाठमोरा शेताकडेच्या ओहोळात पडला. डुक्कर ओहोळाकडे गेलं नाही, ते बांधावर चढलं. बांधावर मी होते, गवताचा भारा नुकताच डोक्यावर घेतलेली, आणि दचकून माझा पाय बांधाखालच्या चिखलात गेला.

सुरुवातीला सांगितलं ते हेच. पाय चिखलात, भाऊजी वर ओरडतायत, नळी बांधलेली.

मी पाय उपटला. चप्पल चिखलातच राहिली. पळायला एकच मोकळी वाट होती, माळ्याखालून. मी विळा डुकराच्या अंगावर फेकला, तो त्याला लागला नाही, आणि मी माळ्याकडे धावले.

"शाबास वयनी! असाच आना! आता म्होरं, म्होरं चला!"

मी माळ्याखालून निघून नळीसमोर आले. मागं डुक्कर.

"सरका! मधी तुमी हाव! सरका ना!"

मी सरकले. माझ्यासोबत डुक्करही सरकलं. नळीसमोर आता फक्त डोंगर होता. मी खांबाला वळसा घातला आणि पुन्हा माळ्याखाली शिरले, डुक्करही शिरलं, आणि वरून ऐकू आलं, "आता होता! आता होता! वयनी, अजून एक फेरा!"

त्या क्षणी डुकराबद्दल माझ्या मनात जेवढा राग होता त्याहून जास्त दामूभाऊजींबद्दल होता.

दुसरा फेरा झाला नाही. डुकराची धडक खांबाला बसली. माळ्यावर एका कडेला ती रायफल, म्हणजे वजन सगळं एकीकडे. खांब वाकला, ताटी कलंडली, काथ्या तुटला. आधी रायफल आली. ती तोंडावर सरळ खाली आली आणि डुकराच्या नाकासमोर चिखलात नळीवर उभी राहिली, कोणी खुंटा ठोकावा तशी. गोळी उडाली नाही, हे सगळ्यांचं नशीब. मागून डबे आले. मग पेंढा. मग इस्त्रीच्या सदऱ्यात दामूभाऊजी.

डुक्कर त्या खुंट्याकडे बघत राहिलं. मग डबे वाजले, त्यानं अंग झटकलं आणि ते खिंडारातून डोंगरात गेलं. ज्या खिंडाराच्या तोंडाला इतके दिवस नळी होती, तिथूनच गेलं.

भाऊजी हलत नव्हते. पाय एकीकडे, मांडी दुसरीकडे. ओहोळातून केशव वर आला, चिखलानं काळा झालेला, चष्मा एका कानावर लोंबतोय. तो धावत आला आणि ओरडला, "दादा! ए दादा!"

भाऊजींनी एक डोळा उघडला. "टेप कोनाची पडलीय? भातावरून उचल ती."

पाय मोडला होता. केशवनं आणि आमच्या यांनी त्यांना बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून कल्याणला. प्लास्टर घालून आणलं. आणि भात उभंच होतं. ठकू एकटी किती कापणार? राखणीला माणूस नाही, माळा मोडलेला, रायफलीच्या नळीत चिखल. केशवला हवं असतं तर तो गप्प डोंबिवलीला जाऊन वाट बघत बसला असता. डुकरांनीच त्याचं काम केलं असतं. ठकूनं त्याला थांब म्हटलं नाही. ती विळा घेऊन निघाली. तो थोडा वेळ ओटीवर बसला, मग त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या मागून गेला. त्यानं कंपनीत काय सांगितलं ते मला माहीत नाही. भात घरात येईपर्यंत तो गेला नाही.

त्याचे हात सोलले. बांधलेला भारा सुटायचा आणि भात वाटेवर सांडायचं. आणि भाऊजी बाजेवर पडून अंगणातून ओरडायचे, "भारा कसला बांधतंस तो? हलका बांधतंस! भारी बांध! भारा म्हंजे भारी, शब्दानच हाय!"

"तू गप झोप रे, दादा," केशव म्हणायचा.

भात घरात आलं. केशवनं शब्द पाळला, त्या दिवाळीला सही केली नाही. पुढच्या वर्षीही नाही. पाय वाकडा जुळला, त्यामुळं भाऊजींचं फिरणं जवळजवळ बंद झालं. दर वर्षी पावसानंतर ते नव्या माळ्यावर चढून बसायचे. दुसऱ्या वर्षापासून रायफल फिरत्या आसावर बसवा असं मी सांगितलं, तर म्हणाले, "हलकी कामा मना सांगू नका." एकही डुक्कर त्यांनी कधी मारलं नाही.

मी त्यांना शेवटचं शेतात बघितलं ते नव्वदच्या पुढं केव्हातरी, निवडणुकीच्या दिवसांत. समोर चार मजली इमारती आल्या होत्या, डोंगराला खाणी लागल्या होत्या, डुकरं दिसेनाशी झाली होती. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत, तशी भाऊजींचीही जमा झालेली. तरी भाऊजी माळ्यावर होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि बेचक्यात पाण्याचा पाईप बांधून बसले होते. शेजारच्या इमारतीतली कोणी नवी बाई गच्चीत कपडे वाळत घालत होती, तिच्याशी त्यांचं मोठमोठ्यानं ओरडून बोलणं चाललं होतं. काय बोलत होते ते लांबून कळलं नाही. मी हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर जेवणाची वेळ टळली असती. त्याच वर्षी थंडीत ते तापानं गेले.

आता गावात ती डुकराची गोष्ट भलतीच वाढवून सांगतात. कोणी म्हणतं दामूनं डुक्कर लोळवलं, कोणी म्हणतं डुकरानं बिल्डरचा माणूस फाडला. मी तिथं होते. कोणी मेलं नाही. दामूभाऊजी वाचले, केशव वाचला, तो टेपवाला वाचला आणि मी वाचले. डुक्करही वाचलं.